चिमटा लावलेली वही

काकांच्या निधनाने न्यू जर्सीतल्या मराठी माणसाचा फ्रान्सशी असलेला एक जिवंत दुवा निखळला, असं आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आलं आहे. सोबत मफलर गुंडाळलेला फोटो आहे आणि खाली ‘फ्रान्समध्ये प्रदीर्घ वास्तव्य’ अशी ओळ आहे. मजकूर अर्ध्या पानात मावला, म्हणून उरलेल्या अर्ध्या पानात एका रिअल इस्टेट एजंटची जाहिरात टाकली आहे. काकांचं घर त्याच एजंटने विकलं, त्यामुळे मांडणीला नावं ठेवता येत नाहीत.

मी त्या घराच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिलो. घर पिस्कॅटवेत, विद्यापीठाच्या बसथांब्यापासून चालत बारा मिनिटांवर. बेसमेंटला खिडकी म्हणून एक आडवी फट होती. तिच्यातून हिवाळ्यात बर्फ दिसायचा आणि उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्राची चाकं. स्वयंपाकघर वर होतं आणि सामायिक होतं. म्हणजे मी स्वयंपाक करायचा आणि काकांनी शेजारी उभं राहून बोलायचं.

ते फार बोलत. एका रंगांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं केमिकल इंजिनिअर होते. रंग वाळायला किती वेळ लागतो या विषयावर ते रंग वाळेपर्यंत बोलू शकत, आणि कुंपण रंगवलं त्या रविवारी मी ते ऐकलं आहे. मंडळाच्या गणपतीत त्यांचं भाषण आरती आणि जेवण यांच्यामध्ये ठेवलेलं असे, कारण त्या वेळी कुणी उठून जात नाही. भाषणाचा शेवट ते फ्रेंचमध्ये करत. काय म्हणाले ते कुणालाही समजत नसे, पण संपलं आहे एवढं समजे, आणि टाळ्या मनापासून पडत.

काकू मी तिथे राहायला येण्याच्या चार वर्षं आधी गेल्या होत्या. मंडळात त्यांच्याबद्दल विचारलं तर लोक म्हणत, “पुरणपोळ्या सुंदर करायच्या. बोलायच्या कमी.” एवढंच. एक जुने सभासद म्हणाले होते, “काकू असताना हे फक्त रंगावर बोलायचे. फ्रान्स नंतर सुरू झालं.” त्या वेळी मी त्याकडे लक्ष दिलं नाही. म्हातारपणी माणूस कशावर तरी बोलणारच, असं माझं मत होतं.

‘फ्रान्समध्ये असं नसतं’ हे काकांचं पालुपद. फ्रान्समध्ये पाव सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. फ्रान्समध्ये जेवताना हात मांडीवर ठेवत नाहीत. फ्रान्समध्ये दुकानात शिरलं की आधी नमस्कार आणि मग काम. हा शेवटचा नियम ते इथेही पाळत. आमच्या राज्यात पेट्रोल स्वतःच्या हाताने भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो. आमच्या पंपावर एक सरदारजी होते. काका काच खाली करून गंभीरपणे म्हणत, “बोंजूर.”

“बोंजूर जी,” सरदारजी म्हणत. “फुल?”

न्यू जर्सीत मी ऐकलेलं हे सगळ्यात सुरळीत फ्रेंच संभाषण.

मला फ्रेंचशी देणंघेणं नव्हतं. पण माझ्या व्हिसाची मुदत पुढच्या ऑक्टोबरात संपत होती, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर माझ्या हयातीत लागेल अशी चिन्हं नव्हती. कॅनडावाले फ्रेंच येणाऱ्यांना झुकतं माप देतात असं ऑफिसात कळलं. मग ऑफिसातला अर्धा मराठी मजला फ्रेंच शिकायच्या गोष्टी करू लागला. परीक्षा सप्टेंबरात. ती पास झालो तर कॅनडा, नाही तर बॅगा भरून पुणे, गृहकर्जासकट. तेव्हा काकांनी आपण होऊन सांगितलं, “शनिवारी दहा वाजता या. मी शिकवतो. मात्र माझ्या पद्धतीने.”

आम्ही तिघं होतो. मी, माझ्याच टीममधला नागपूरचा निखिल, आणि स्मिता नावाची एक सॉफ्टवेअर टेस्टर, जिला कुठल्याही गोष्टीत चूक दिसली की बरं वाटायचं. जेवणाच्या टेबलाभोवती बसायचं. फोन बुटांच्या कपाटात. आठवड्याला एक गोष्ट, गोष्टीत बारा नवे शब्द. अर्थ सांगितला जात नसे, तो गोष्टीतून कळला पाहिजे. काका गोष्ट मफलर सावरत तोंडपाठ म्हणत आणि शब्द टपालाने आलेल्या जाहिरातींच्या पाकिटांमागे लिहून आमच्यासमोर ठेवत. ‘शार्बों’ म्हणजे कोळसा हे समजावं म्हणून त्यांनी बार्बेक्यूच्या पोत्यातला एक तुकडा बशीतून आणला होता. तो शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो वापरायची वेळही येणार नाही.

गोष्टी सगळ्या एकाच गावातल्या. फ्रान्सातलं एक छोटं गाव, तिथे एका विधवेच्या घरात माडीवरच्या खोलीत राहणारी एक विद्यार्थिनी. तिला नाव नव्हतं. फक्त ‘ती मुलगी’. तिच्या आयुष्यात काही घडायचं नाही. ती तळघरातून कोळशाची बादली वर आणते. पाव आणायला जाते आणि घरी येईपर्यंत त्याचं टोक खाऊन टाकते. तिला दुसऱ्याच्या लग्नाला जायचं असतं, ऐन वेळी पायातल्या तलम लांब मोज्याची वीण उसवते, आणि घरमालकीण तिला उसवलेल्या टोकाशी नेलपॉलिशचा थेंब लावायला शिकवते, म्हणजे वीण पुढे जात नाही. एका गोष्टीत ती चुलीवर तेल तापवून त्यात काहीतरी टाकते, ते तडतडतं, आणि घरमालकीण धावत येऊन सगळ्या खिडक्या उघडते.

“काका, फ्रान्समध्ये फोडणी?” स्मिताने विचारलं.

“माणसं कुठेही काहीही करतात. शब्द लिही.”

घरी जाताना निखिल म्हणाला, “काय समजलं का तुम्हाला? काकांचं जुनं प्रकरण आहे, यार! मोजे उसवलेले पण आठवतात म्हणजे बघ.”

“बिचाऱ्या काकू,” स्मिता म्हणाली. “पुरणपोळ्या लाटत बसल्या आणि याच्या डोक्यात ही बया.”

मीही हसलो. बेसमेंटमध्ये राहत असल्यामुळे मला आतली माहिती आहे असा त्यांचा समज होता, आणि मी तो मोडत नव्हतो.

पण जुलै उजाडला आणि माझा धीर सुटला. परीक्षेत घर भाड्याने घेण्याबद्दल, नोकरीबद्दल, प्रदूषणाबद्दल बोलावं लागतं असं नेटवर लिहिलेलं होतं. मला कोळसा, बादली, नेलपॉलिश आणि पावाचं टोक येत होतं.

“काका, आठवड्याला दोन गोष्टी घेऊ या ना.”

“नाही.”

“माझी परीक्षा आहे हो. ऑक्टोबरात मला इथून जावं लागेल.”

“समजतं मला. गोष्ट एकच होते.”

“का पण?”

“एकच होते,” काका म्हणाले, आणि रंगाविषयी बोलू लागले.

मला तेव्हा खात्री पटली की आम्ही पास होऊन कॅनडाला गेलो तर यांना ऐकणारं कुणी उरणार नाही, म्हणून हा माणूस आम्हाला मुद्दाम रखडवतो आहे. ही खात्री मला बरी वाटली. कुणाच्या वाईट हेतूचा शोध लागला की आपण शहाणे असल्याचा भास होतो.

त्याच आठवड्यात माझ्या कुकरची रिंग गेली. काका मॉलमध्ये चालायला गेले होते. इथली म्हातारी माणसं उन्हाळ्यात गारव्यासाठी आणि हिवाळ्यात उबेसाठी मॉलमध्ये फेऱ्या मारतात. वरच्या कपाटात काकूंचा मोठा कुकर होता, तो मी काढला. हाताला हलका लागला नाही. झाकण उघडलं तर आत एक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची लांब वही.

फ्रेंचमध्ये लिहिलेली. पान एक, कोळशाची बादली. पान सहा, पाव. प्रत्येक गोष्टीखाली बारा शब्द. आमच्या झालेल्या गोष्टींपर्यंत पानं मोकळी होती. त्यापुढच्या सगळ्या पानांचा गठ्ठा एका निळ्या चिमट्याने बंद केलेला होता. वेफर्सचं पाकीट मऊ पडू नये म्हणून लावतात तसला प्लॅस्टिकचा चिमटा. पानांच्या कडा अशा घट्ट बसल्या होत्या की ती कुणी उघडली असतील असं वाटत नव्हतं. मास्तर लोकांचे नखरे, असं म्हणून मी चिमटा काढला.

पुढे चारच गोष्टी होत्या. मी फोनने फोटो काढले, चिमटा होता तसा लावला, वही कुकरमध्ये ठेवली आणि भात पातेल्यात केला. चार दिवस शब्दकोश घेऊन बसलो. शेवटची गोष्ट तर पाठच करून टाकली.

शनिवारी काकांनी मफलर सावरला आणि विसावी गोष्ट सुरू केली. मुलगी पोस्टात जाते. मी मध्येच म्हणालो, “काका, ही मला येते. मी शेवटची म्हणून दाखवू?”

ते काही बोलायच्या आत मी सुरुवात केली. माझ्या फ्रेंचचा मला त्या दिवशी अभिमान वाटत होता, म्हणून मी अडखळत का होईना, थांबलो नाही. मुलीला घरून पत्र येतं. तिचं लग्न ठरलं आहे. दुसऱ्या वर्षाचं शिक्षण रद्द. सायकल ती घरमालकिणीच्या भाचीला देऊन टाकते. घरमालकीण विचारते, कसा आहे मुलगा? मुलगी म्हणते, इंजिनिअर आहे, अमेरिकेत असतो, बोलतो छान असं लिहिलंय. घरमालकीण विचारते, आणि ऐकतो का? मुलगी म्हणते, त्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही.

शेवटची वाक्यं निखिललाही कळली. तो टेबलावर हात आपटून हसला. “काका, हे तर तुमचंच वर्णन आहे!”

काका हसले नाहीत.

“चिमटा तू काढलास?”

“हो. म्हणजे कुकर शोधताना…”

“यापुढे काय आहे?”

मला प्रश्न कळला नाही. “पुढे काही नाही. ही शेवटचीच.”

“गठ्ठा एवढा जाड आहे.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर करून दाखवलं. “निम्मी वही आहे अजून. मी मोजून… निदान वर्षभर पुरेल.”

“नाही हो काका,” मी समजावणीच्या सुरात म्हणालो. तो सूर मला अजून ऐकू येतो. “मागची पानं सगळी कोरी आहेत.”

स्मिताने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तिला चूक दिसली होती, आणि या वेळी तिला बरं वाटलेलं दिसत नव्हतं.

काकांनी समोरचं पाकीट उलटं ठेवलं. मग म्हणाले, “उच्चार सुधारलाय तुझा,” आणि उठून वर गेले. आम्ही बुटांच्या कपाटातून आपापले फोन घेतले.

रात्रीच्या आमटीला फोडणी देताना मी हिंगाची बाटली काढली. तिच्यावर काकूंच्या वेळची कागदी चिठ्ठी होती. धने, मेथ्या, हिंग, सगळ्या बाटल्यांवर होत्या, आणि इतके दिवस मी त्या रोज वाचत होतो. फोनमध्ये वहीचे फोटो होतेच. शेवटच्या गोष्टीखाली मराठीत दोन ओळी होत्या, ‘हे शब्द दुसऱ्या वर्षाच्या मुलींना द्यावेत. आधीच्या वर्गाला जड जातील.’ ‘धने’मधला आणि ‘आधीच्या’मधला थोडा उंचावर जाणारा ध एकाच हाताचा होता. तेल जळेपर्यंत मी उभा होतो. खिडक्या मलाच उघडाव्या लागल्या.

पुढच्या शनिवारी काकांनी पहिल्या गोष्टीपासून सुरुवात केली. बशीत कोळसा, पाकिटामागे तेच बारा शब्द. निखिलचीही परीक्षा होती, स्मिताचीही, पण कुणी काही बोललं नाही. काका म्हणाले, “शार्बों,” आणि आम्ही तिघांनी तो शब्द प्रथमच ऐकत असल्यासारखा लिहून घेतला. या वेळी ते गोष्ट संपल्यावर जरा थांबत. आम्ही काही विचारावं अशी वाट पाहत. मी एकदा विचारलं की बादली रिकामी नेताना ती मुलगी जिन्याच्या पायऱ्या मोजत असेल का. काका बराच विचार करून म्हणाले, “ठाऊक नाही रे. विचारायला हवं होतं.”

परीक्षेत बोलण्याच्या भागात समोर एक मध्यमवयीन बाई होत्या. घरात आलेली एखादी छोटी अडचण आणि तुम्ही ती कशी सोडवलीत, ते सांगा. मला माझ्या आयुष्यातल्या अडचणी फ्रेंचमध्ये येत नव्हत्या. म्हणून मी सांगितलं की मी एका लग्नाला निघालो होतो, माझ्या पायातल्या तलम मोज्याची वीण उसवली, आणि मग मी तिथे नेलपॉलिश लावलं. बाईंनी माझ्या मिशीकडे पाहिलं आणि धंद्याला जागून पुढचा प्रश्न विचारला, “कोणत्या रंगाचं?”

“बिनरंगाचं,” मी म्हणालो. शब्द येत होता.

बोलण्यात मला तिघांत सगळ्यात जास्त गुण मिळाले. दरम्यान माझ्या कंपनीने ऐन वेळी कागद हलवून व्हिसाची मुदत वाढवून आणली, आणि कॅनडाने माझा अर्ज त्यांच्या रांगेत ठेवला. पूर्वी मी एका देशाच्या रांगेत होतो, आता दोन देशांच्या आहे.

नोव्हेंबरात काका हिवाळ्यापुरते मुलाकडे डॅलसला जायला निघाले. मी नेवार्क विमानतळावर सोडायला गेलो. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी आधी “बोंजूर” म्हटलं आणि मग एकुलती एक बॅग डॅलसलाच बाहेर येईल ना, असं तीनदा विचारलं. व्हीलचेअर यायला वेळ होता. आम्ही खिडकीपाशी बसलो. ते बोलत नव्हते, म्हणून मीच बोललो.

“काका, माझं चुकलं. ती वही…”

“तुला काय ठाऊक असणार! ती फ्रान्सला शिकायला गेली होती एवढं मला होतं ठाऊक. लग्नाच्या बायोडेटात एक ओळ होती. पुढे कधी निघालंच नाही. म्हणजे ती काढायची, मी…” त्यांनी हाताने काहीतरी बाजूला सारल्यासारखं केलं. “ती गेल्यावर कपाट आवरताना वही निघाली. पहिलं पान वाचता यावं म्हणून मी दोन वर्षं लायब्ररीत फ्रेंचच्या वर्गाला बसलो. सत्तर वर्षांचा घोडा, शाळेतल्या पोरांबरोबर. मग वाटलं, एकट्याने वाचलं तर आठवड्यात संपेल. तुम्ही असलात की आठवड्याला एक. शुक्रवारी मी एक वाचायची, शनिवारी तुम्हाला सांगायची.”

“तुम्ही स्वतः कधी गेलात फ्रान्सला?”

“एकदा. सात तास.”

मी वाट पाहिली. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

“मुंबईला निघालो होतो. पॅरिसला विमान बदलायचं होतं. सकाळी उतरलो, दुपारी पुढचं. पासपोर्ट आमचे अमेरिकन, व्हिसा लागत नव्हता. ती म्हणाली, टॅक्सीने जाऊ, एक पाव घेऊ आणि परत येऊ. मुलगाही मागे लागला. मी म्हटलं, जमायचं नाही, एवढ्या बॅगा कोण सांभाळणार?”

“मग?”

“मग ती तिथेच बसली. समोरच्या पाट्या वाचत होती. मोठ्याने वाचायची, मुलाला अर्थ सांगायची. मी झोपलो.”

व्हीलचेअर आली. काकांनी मफलर नीट केला, पाय पट्टीवर ठेवले. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “बॅगा फार होत्या का?”

“छे! बॅगा न्यूयॉर्कहून थेट मुंबईपर्यंत चेक-इन केल्या होत्या,” काका म्हणाले. “आमच्याजवळ फक्त तिची पर्स होती.”